एकवटलेल्या गाडीवानांची गोष्ट

३० एप्रिल २०२५ या दिवशी शेंकर ही जुनी व नामांकित मालवाहतूक कंपनी डेन्मार्कच्या डीएसव्ही या कंपनीच्या मालकीची झाली. गॉटफ्रीड शेंकर यांनी १८७२ साली व्हिएन्ना शहरात स्थापन केलेली ही पेढी अखेरच्या काळात जर्मन रेल्वेच्या ताब्यात होती. व्यवहारात तिचे मूल्य १,४३० कोटी युरो धरण्यात आले. त्यानंतर डीएसव्हीच्या सेवकवर्गाची संख्या सुमारे एक लाख साठ हजारांवर गेली, नव्वदांहून अधिक देशांत तिचा कारभार पसरला आणि जगातील सर्वांत मोठ्या मालवाहतूक कंपन्यांच्या पहिल्या रांगेत ती जाऊन बसली. अर्थविषयक पानांवर ही बातमी आली आणि नव्या बातम्यांखाली दबूनही गेली. दुसऱ्या दिवशी, १ मे रोजी, ख्रिस्तसभेने कामगार संत योसेफाचा सण साजरा केला.

हा केवळ योगायोग. तरीही त्या दोन दिवसांचे शेजारपण आम्हांला अर्थपूर्ण वाटते. कारण ज्या कंपनीने हा प्रचंड व्यवहार केला, ती मुळात कोणा राजघराण्याची, सरकारची किंवा सावकाराची निर्मिती नव्हे. स्वतःच्या गाडीवर पोट भरणाऱ्या मूठभर माणसांनी ती उभी केली. त्या माणसांचा इतिहास आमच्या वाचकांपुढे ठेवावा, त्यांच्या यशाचे मनापासून कौतुक करावे आणि त्या यशाकडे ख्रिस्ती दृष्टीने पाहताना जो प्रश्न उभा राहतो तोही मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

तीन अक्षरांचा अर्थ

डीएसव्ही ही तीन अक्षरे एका लांबलचक डॅनिश नावाची आद्याक्षरे आहेत. 'डे सामेनस्लुटेडे वोनमेन' हे ते मूळ नाव. पहिला शब्द नुसता उपपद आहे. दुसऱ्याचा अर्थ एकवटलेले, एकत्र बांधले गेलेले. तिसरा शब्द मात्र मराठी माणसाला लगेच आपलासा वाटावा असा आहे. 'वोन' म्हणजे गाडी, 'मेन' म्हणजे माणसे. घोडागाडीच्या काळापासून डेन्मार्कमध्ये भाड्याने माल वाहणाऱ्याला याच नावाने ओळखतात. घोडे गेले, ट्रक आले, शब्द मात्र टिकला. तेव्हा या बलाढ्य कंपनीच्या नावाचे सरळ मराठी भाषांतर 'एकवटलेले गाडीवान' असेच करावे लागेल.

मूळ नोंदणीत या नावापुढे एक तारीखही जोडलेली होती : १३ जुलै १९७६. लाइफ टुलबेर्ग आणि त्यांच्यासोबत नऊ स्वतंत्र वाहतूकदार, असे दहा जण त्या वेळी एकत्र आले. आपण एकवटलो तो दिवस त्यांनी आपल्या संस्थेच्या नावातच कोरून ठेवला. आपल्याकडे घराच्या दर्शनी भिंतीवर बांधकामाचे साल लिहितात, त्यातलाच हा प्रकार.

मातीचा गुण

असे एकत्र येणे डेन्मार्कच्या मातीत नवीन नव्हते. हा देश लहान. आजही त्याची लोकसंख्या सुमारे साठ लाख, म्हणजे २०११च्या जनगणनेतील बृहन्मुंबईच्या निम्मीही नाही. १८६४ साली प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांच्याशी झालेल्या युद्धात डेन्मार्कचा पराभव झाला आणि श्लेसविग, होल्स्टाइन हे प्रांत त्याला गमवावे लागले. पुढच्या दशकात अमेरिका व रशिया येथील स्वस्त धान्य युरोपच्या बाजारात येऊ लागले आणि डॅनिश शेतकऱ्याच्या धान्याचे भाव कोसळले. राज्य आक्रसलेले, शेती तोट्यात, अशा दुहेरी संकटात त्या समाजाने जो मार्ग काढला तो सहकाराचा होता.

त्याचा आरंभ एका धर्मगुरूने केला, हे आमच्या वाचकांना विशेष वाटेल. १८६६ साली टिस्टेड या गावी हान्स क्रिस्टियन सोन्ने या ल्युथरन पाळकाने कामगारांना एकत्र करून ग्राहकांचे पहिले सहकारी दुकान उघडले. १८८२ साली पश्चिम युटलंडमधील येडिंग या गावी शेतकऱ्यांची पहिली सहकारी दुग्धशाळा सुरू झाली. धान्य विकण्याऐवजी ते जनावरांना घालावे, दूध एकत्र आणावे, लोणी काढावे आणि इंग्लंडच्या बाजारात पाठवावे, असा तो हिशेब होता. पाच वर्षांनी, १८८७ साली, हॉर्सेन्स येथे डुकराच्या मांसावर प्रक्रिया करणारा सहकारी कारखाना निघाला. या संस्थांत मतदानाचा एक साधा दंडक होता. मत माणसाच्या डोक्यामागे एक, त्याच्या गोठ्यातील जनावरांच्या डोक्यांमागे नव्हे. शंभर गाईंचा धनी आणि दोन गाईंचा शेतकरी सभेत एकाच मापाने मोजले जात.

या सर्वांमागे आणखी एका पाळकाची शिकवण होती. एन. एफ. एस. ग्रुन्टव्हिग (१७८३-१८७२) यांनी सामान्य शेतकऱ्याच्या मुलांनी शिकावे, आपली भाषा व आपला इतिहास जाणावा आणि सभेत उभे राहून बोलावे, असा आग्रह धरला. त्यांच्या विचारांतून १८४४ साली रॉडिंग येथे पहिली लोकशाळा निघाली. परीक्षा नाही, पदवी नाही, फक्त माणूस जागा करायचा, अशी ती शाळा. परस्परांवर विश्वास ठेवायला शिकलेला समाज पुढे परस्परांच्या पैशांवरही विश्वास ठेवू शकला.

या इतिहासाचे धागे आपल्यापर्यंतही येऊन पोहोचतात. विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण १८०५ साली ज्या सेरामपूरहून प्रसिद्ध झाले, ती त्या काळी डेन्मार्कची वसाहत होती. १९३८ साली मुंबईत हेनिंग होल्क-लार्सन आणि सोरेन क्रिस्टियन टुब्रो या दोन डॅनिश अभियंत्यांनी 'लार्सन अँड टुब्रो' ही पेढी काढली, तेव्हा आरंभी ती डेन्मार्कची दुग्धयंत्रेच आयात करीत असे. आणि वसईच्या ख्रिस्ती समाजाला तर सोन्ने यांची कथा परकी वाटण्याचे कारणच नाही. १९१८ साली मॉन्सिन्योर पी. जे. मोनिस यांच्या पुढाकाराने बॅसीन कॅथॉलिक सहकारी बँकेचा पाया घातला गेला, तोही सावकाराच्या पाशातून आपला माणूस सुटावा म्हणूनच. वेदीवरून दिलेले दान आणि पेढीवरून दिलेले कर्ज यांचे नाते ज्यांना कळले, ते धर्मगुरू युटलंडातही होते आणि वसईतही होते.

एकटा गाडीवान, दहा गाडीवान

एका ट्रकच्या मालकाचा संसार कसा चालतो हे आपल्या महामार्गांवर राहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. माल घेऊन जाताना भाडे मिळते, परतीच्या वाटेवर गाडी रिकामी धावते. रिकाम्या गाडीला डिझेल लागतेच, टायर झिजतातच, कर्जाचा हप्ताही थांबत नाही. मोठा कारखानदार एकाच गाडीवाल्याशी वर्षाचा करार करीत नाही. कारण गाडी बिघडली किंवा चालक आजारी पडला, तर माल कोण पोहोचवणार? शिवाय भाड्याची रक्कम हाती यायला महिने लागतात आणि तोवर दुसऱ्या फेरीचे इंधन उधारीवर घ्यावे लागते. १९७३ साली खनिज तेलाचे भाव भडकले, तेव्हा युरोपातील लहान वाहतूकदारांचे हे दुखणे अधिकच वाढले.

दहा जण एकत्र आले की हे गणित बदलते. एकच कचेरी, एकच दूरध्वनी, एकच बिल. एकाची गाडी नादुरुस्त झाली तर दुसऱ्याची उभी असते. एकाने नेलेल्या मालाच्या गावीच दुसऱ्याच्या गिऱ्हाइकाचा परतीचा माल सापडतो. चार व्यापाऱ्यांचा थोडाथोडा माल एका गोदामात गोळा करून एकाच गाडीत भरता येतो आणि चौघांनाही भाडे कमी पडते. गावकीच्या बळापुढे रावाचे बळ थिटे पडते, हे आपल्या वाडवडिलांनी म्हणींतून सांगितले. डॅनिश गाडीवानांनी ते हिशेबाच्या वहीत उतरवले.

काळही अनुकूल होता. १ जानेवारी १९७३ रोजी डेन्मार्क युरोपीय आर्थिक समुदायात दाखल झाला होता. डॅनिश लोणी, मांस, यंत्रे आणि लाकडी सामान यांना दक्षिणेकडील मोठा बाजार खुला होत होता आणि तो माल वाहून नेणाऱ्यांची गरज दिवसेंदिवस वाढत होती. १९९३च्या आरंभी युरोपातील एकसंध बाजारपेठ अस्तित्वात आली आणि सदस्य देशांमधील सीमेवरील जकातीची कागदपत्रे व त्यांसाठी ताटकळणे संपले. १९९८ साली ग्रेट बेल्ट सामुद्रधुनीवरचा पूल रस्त्यासाठी खुला झाला. तोवर झीलंड आणि फ्यून या बेटांमधली प्रत्येक मालमोटार नावेवर चढवावी लागे. २००० साली कोपनहेगनहून थेट स्वीडनला नेणारा ओरेसुंड पूलही झाला. बेटांचा देश रस्त्यांचा देश बनला.

लहान्याने मोठ्याला सामावून घेतले

या संस्थेचे कायदेशीर रूप मात्र सहकारी सोसायटीचे नव्हते, हे येथेच सांगितले पाहिजे. भावना एकजुटीची, पण चौकट भागभांडवली कंपनीची, असा हा मेळ होता. १९८७ साली तिचे भाग कोपनहेगनच्या शेअरबाजारात नोंदले गेले. हाती भांडवल आल्यावर कंपनीने अन्य वाहतूक कंपन्या विकत घेण्याचा मार्ग धरला. १९९७ साली सॅमसन ट्रान्सपोर्ट ही डॅनिश कंपनी तिच्यात विलीन झाली.

खरे आश्चर्य २००० साली घडले. डीएफडीएस ही डेन्मार्कची प्रतिष्ठित जहाज कंपनी. उद्योगपती सी. एफ. टिटगेन यांनी ती १८६६ साली स्थापन केली, म्हणजे सोन्ने यांनी टिस्टेडला आपले दुकान उघडले त्याच वर्षी. एकीकडे धनवंतांनी आगबोटी एकवटल्या, दुसरीकडे एका पाळकाने मजुरांचे पीठमीठ एकवटले. त्या जहाज कंपनीच्या मालकीची 'डीएफडीएस डॅन ट्रान्सपोर्ट' ही मालवाहतूक संस्था डीएसव्हीपेक्षा आकाराने पुष्कळच मोठी होती. गाडीवानांच्या कंपनीने ती विकत घेतली! त्यानंतर काही वर्षे त्यांनी या थोरल्या नावाखालीच आपल्या मोटारी चालवल्या. २००६ साली हॉलंडची फ्रान्स मास ही कंपनी घेतल्यावर, २००७ पासून साऱ्या शाखांवर आपलेच नाव लावले. हे नाव जर्मन, इटालियन किंवा स्पॅनिश माणसाला काहीच सांगत नव्हते, तरी ते बदलले नाही, ही गोष्ट आम्हांला फार आवडते.

पुढचा प्रवास थोडक्यात सांगता येईल. २००८ साली बेल्जियममधील एबीएक्स लॉजिस्टिक्स, २०१६ साली अमेरिकेतून कारभार करणारी यूटीआय वर्ल्डवाइड, २०१९ साली स्वित्झर्लंडची पॅनालपिना, २०२१ साली कुवेतच्या अॅजिलिटी समूहाचा मालवाहतूक विभाग आणि २०२५ साली शेंकर. रस्त्यावरील वाहतुकीला सागरी व हवाई वाहतुकीची जोड मिळाली. टुलबेर्ग यांनी जवळजवळ तीन दशके, म्हणजे २००५ पर्यंत, कंपनीची धुरा वाहिली. त्यांच्यानंतर आलेल्यांनीही ही दिशा सोडली नाही. मुख्य कचेरी कोपनहेगनच्या पश्चिमेला हेडेहुसेने या गावी आहे.

दहा जणांच्या एकजुटीतून अर्ध्या शतकात एवढे उभे राहिले. लहान देश, अवघी भाषा, पाठीशी साम्राज्य नाही, तरी हे साधले. आपल्या तरुणांनी हा इतिहास अभ्यासावा. वसईची फुले आणि भाजीपाला दादरच्या बाजारी नेणारा टेम्पोवाला, नाशिकची द्राक्षे न्हावाशेव्याच्या बंदरात पोहोचवणारा ट्रकमालक यांनाही त्यात घेण्यासारखे पुष्कळ आहे.

चाकामागचा माणूस

आता तो प्रश्न. आज या कंपनीच्या नावाने युरोपच्या रस्त्यांवर रोज हजारो मालमोटारी धावतात. त्यांतील बहुतेकांची मालकी मात्र कंपनीकडे नाही. गाड्या कमी बाळगाव्यात, माल जमवावा, मार्ग आखावेत, यंत्रगणकावर हिशेब ठेवावा आणि प्रत्यक्ष वाहतूक उपकंत्राटदारांकडून करून घ्यावी, ही या व्यवसायातील आजची रीत आहे. मंदी आली तर उभ्या गाड्यांचा भार अंगावर पडत नाही. व्यवहाराच्या दृष्टीने हे शहाणपणाचेच आहे. पण इतिहासाच्या दृष्टीने पाहावे तर वर्तुळ विचित्र रीतीने पूर्ण झाले. गाडीवानांनी उभारलेल्या घरात गाडीवान पुन्हा दाराबाहेर, कंत्राटाच्या प्रतीक्षेत उभा आहे.

हे आम्ही एका कंपनीचा दोष म्हणून सांगत नाही. सबंध युरोपातील मालवाहतुकीची घडीच अशी बसली आहे. या साखळीत कारखानदार वरच्या टोकाला, त्याखाली मोठी वाहतूक कंपनी, तिच्याखाली कंत्राटदार, त्याच्याखाली त्याचा कंत्राटदार, आणि तळाशी चालक. प्रत्येक पायरीवर थोडे थोडे भाडे कापले जाते आणि तळाशी उरते ते त्या माणसाच्या वाट्याला येते.

२०१८ साली डेन्मार्कमध्येच, जर्मन सीमेवरील पाडबोर्ग येथे, फिलिपिन्समधून आलेले चालक अगदी हलाखीच्या वस्तीत राहत असल्याचे उघडकीस आले. देश हळहळला. ही माणसे पोलिश उपकंपनीच्या करारावर एका डॅनिश वाहतूकदाराच्या गाड्या चालवीत होती. फिलिपिन्स हा बहुसंख्य कॅथॉलिकांचा देश. तेव्हा ही माणसे आपल्याच कुटुंबातली, असे म्हणायला हरकत नाही. २०२३च्या वसंतात जर्मनीतील डार्मस्टाटजवळच्या ग्रेफेनहाउझेन येथील विश्रांतिस्थळी जॉर्जिया, उझबेकिस्तान या देशांतून आलेल्या सुमारे साठ चालकांनी आपल्या गाड्या उभ्या केल्या. त्यांचे पगार एका पोलिश वाहतूकदाराने थकवले होते. त्या वर्षीच्या उत्तम शुक्रवारी, ७ एप्रिलला, तो मालक खासगी सुरक्षारक्षक आणि चिलखती वाहन घेऊन गाड्या परत घेण्यासाठी तेथे आला, आणि पोलिसांना मध्ये पडावे लागले. अखेर चालकांना पैसे मिळाले. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात तेथेच पुन्हा संप झाला, तो सप्टेंबरअखेर मिटला. त्यात काहींनी अन्नत्यागही केला. मजुराची मजुरी दिवस मावळण्यापूर्वी त्याच्या हाती पडावी, असा दंडक मोशेच्या नियमशास्त्रात आहे. तीन हजार वर्षांनंतरही तो किती ताजा आहे!

युरोपीय संघाने या बाबतीत नियम केले आहेत, हेही सांगितले पाहिजे. साडेचार तास चालवल्यानंतर पाऊण तासाची विश्रांती, दिवसाला साधारण नऊ तासांची मर्यादा, आठवड्याला छप्पन्न आणि पंधरवड्याला नव्वद तास. गाडीतले यंत्र त्याची नोंद ठेवते. २०२०च्या कायद्याने आठवड्याची पूर्ण विश्रांती गाडीतल्या कोंदट खोपटात घेण्यास मनाई केली आणि चालकाला साधारण दर चार आठवड्यांनी घरी परतता यावे, ही जबाबदारी मालकावर टाकली. आपल्या देशातील चालकाची अवस्था ज्यांनी जवळून पाहिली आहे, त्यांना हे नियम स्वप्नवत वाटतील. तरीही, कागदावरचा नियम आणि रस्त्यावरचा माणूस यांच्यातले अंतर तेथेही उरलेच आहे.

ख्रिस्तसभेचा मापदंड

या ठिकाणी ख्रिस्तसभेची सामाजिक शिकवण आम्हांला मोलाची वाटते. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली 'रेरुम नोवारुम' या परिपत्रकात कामगारांच्या संघटनेचा हक्क आणि न्याय्य वेतन यांचा पुरस्कार केला. दहा गाडीवानांनी एकत्र येणे हे त्या शिकवणीचे, नकळत का होईना, उदाहरणच होते. पुढे १९८१ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी 'लाबोरेम एक्सेर्चेन्स' या परिपत्रकात प्रत्यक्ष मालक आणि अप्रत्यक्ष मालक असा भेद केला. पगाराच्या कागदावर ज्याची सही असते तो प्रत्यक्ष मालक. पण भाड्याचे दर, मुदती, कायदे आणि बाजारभाव ठरवून जे त्या मालकाचे हात बांधून टाकतात, ते सारे अप्रत्यक्ष मालक. तेही उत्तरदायी आहेत. मोठ्या कंपन्या त्यात येतात, सरकारे येतात आणि उद्याच दारात वस्तू हवी, तीही फुकट पोहोचवून, असा हट्ट धरणारे तुम्ही-आम्ही ग्राहकही येतो. २००७ साली व्हॅटिकनच्या स्थलांतरितांविषयीच्या परिषदेने रस्त्यावरील जीवनाच्या मेषपालकीय सेवेसाठी स्वतंत्र मार्गदर्शिका काढली. तिच्यात चालकांसाठी दहा आज्ञाही होत्या. आणि मे २०२५ मध्ये निवडून आलेल्या नव्या पोपमहाशयांनी लिओ हे नाव घेताना तेराव्या लिओंच्या त्याच परिपत्रकाचे स्मरण केले.

या मापाने तोलले तरी डीएसव्हीचे यश खोटे ठरत नाही. साध्या माणसांची एकजूट जगाच्या बाजारात ताठ उभी राहू शकते, हे तिने सिद्ध केले. सरकारच्या कृपेवाचून, वारशाच्या श्रीमंतीवाचून, केवळ परस्परांच्या विश्वासावर आरंभ करता येतो, हेही दाखवले. त्या गाडीवानांचे हे ऋण मान्य करूनच पुढचे बोलले पाहिजे. ज्या दिवशी दहा जण एकवटले, त्या दिवशी प्रत्येकाला दुसऱ्याचे नाव ठाऊक होते, त्याच्या घरची अडचण ठाऊक होती. एक लाख साठ हजारांच्या संस्थेत तसे होणे शक्य नाही. पण जो बाहेरच्या देशातून आलेला चालक रात्री पावसात एखाद्या तळावर गाडी उभी करतो, त्याला झोपायला जागा आहे का, त्याचा पगार वेळेवर झाला का, एवढे विचारणे मात्र नक्की शक्य आहे.

आपल्या सहकारी संस्थांनाही हाच प्रश्न लागू आहे. पतपेढी मोठी झाली, दुमजली झाली, वातानुकूलित झाली, यात आनंदच आहे. ज्याच्यासाठी ती स्थापन झाली, तो लहान खातेदार आज तिच्या उंबऱ्यावर संकोचतो की मोकळेपणाने आत येतो, हे वार्षिक अहवालात छापलेले नसते. ते उंबऱ्याजवळ उभे राहून पाहावे लागते. युरोपच्या महामार्गांवर धावणाऱ्या त्या निळ्या अक्षरांतले शेवटचे अक्षर गाडीवानाचे आहे. ते अक्षर पुसले गेलेले नाही. त्याचा अर्थ जिवंत ठेवणे हे पहिल्या दहा जणांच्या वारसदारांचे काम आहे.